टॅग गप्प झाला म्हणजे मासा मेला?

व्हेल शार्कला सॅटेलाइट टॅग लावल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आत्ता कुठे आहे तो? मोबाइलवर दिसेल का?’ काही आठवड्यांनी टॅगचे संदेश थांबले की ‘बेपत्ता’ म्हणून ओरड होते आणि संशय थेट मच्छीमारांवर जातो. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत.

रेडिओलहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरून जातात. मासा हातभर जरी खाली असला तरी टॅग मुका. टॅगवर धातूची दोन बारीक टोकं असतात. ती बुडालेली असेपर्यंत खाऱ्या पाण्यातून त्यांच्यात वीज वाहते आणि टॅग गप्प बसतो. ती पाण्याबाहेर आली की प्रवाह तुटतो आणि तेव्हाच संदेश सुटतो. त्या वेळी डोक्यावर आर्गोस यंत्रणेचा उपग्रह हवा, आणि तो एका फेरीत दिसतो जेमतेम दहा मिनिटं. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या रेल्वेच्या भोंग्याचा सूर बदलतो, तसा संदेशाच्या वारंवारतेतला बदल मोजून जागा काढतात. त्यासाठी एका फेरीत तीन-चार संदेश तरी मिळावे लागतात. सगळं जुळून आलं तर चूक 250 मीटरच्या आत, नाहीतर काही किलोमीटर.

पनामाजवळ 2011 मध्ये टॅग लावलेली एक मादी 841 दिवसांत 20,000 किलोमीटरहून जास्त अंतर कापून मारियाना गर्तेपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. मधले 235 दिवस तिचा एकही संदेश नव्हता. मग हवाई बेटांच्या दक्षिणेला टॅग पुन्हा बोलू लागला. आपल्याकडे तोवर दोन-चार कोळ्यांची चौकशी झाली असती! उलट टॅग फार नियमित बोलू लागला, तरच शंका घ्यावी. सुटलेला टॅग लाटांवर तरंगत सतत संदेश देतो आणि नकाशावर मासा पोहत असल्यासारखा दिसतो. म्हणून अभ्यासक खोलीच्या नोंदीही तपासतात.

दुसऱ्या प्रकारचा टॅग खोली, तापमान आणि उजेड साठवून ठेवतो आणि ठरल्या तारखेला सुटून वर येतो. माध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश आणि दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढतात. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असताना अक्षांश नीट निघतच नाही. पण ‘हा मासा वरच्या वर फिरतो’ ही समजूत अशाच टॅगने मोडली: मेक्सिकोच्या आखातातल्या एका व्हेल शार्कने 1,928 मीटर खोल बुडी मारली होती.

बाकीचं थोडक्यात. हा देवमासा नाही, कल्ल्यांनी श्वास घेणारी मुशीच आहे. माणूस खात नाही, प्लवक आणि बारीक मासळी गाळून खातो. ‘सौराष्ट्रात बाळंतपणाला माहेरी येते’ या कल्पनेने तिथली शिकार थांबवायला मोठा हातभार लावला, तिचं मोल मोठं आहे. पण जगभर किनाऱ्यालगत जमणाऱ्यांत बहुतेक अल्पवयीन नर आढळतात.

भारतातलं पहिलं टॅगिंग 2011 मध्ये सौराष्ट्रात झालं. तिथल्या मच्छीमारांनी तोवर स्वतःची जाळी कापून कितीतरी मासे सोडले होते. महाराष्ट्रातही अशा सुटकेबद्दल जाळ्याची भरपाई मिळते. त्यासाठी फोटो काढालच, तर डाव्या कल्ल्यांमागचे ठिपके स्पष्ट येतील असा काढा. प्रत्येक व्हेल शार्कची ही ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि पुढे तोच मासा दुसरीकडे दिसला तर त्यावरून ओळखता येतो.