जमीन मराठवाड्यात अन् वकील पुण्यात?

पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांचं मूळ गाव जालना, बीड, परभणीकडे असतं. गावी दोन-चार एकर घ्यायचे किंवा अब्बांच्या जमिनीची वाटणी करायची म्हटलं की आपण राहतो तिथलाच ओळखीचा वकील गाठतो. आम्हीही तेच केलं.

मामूंना गावाजवळ जमीन घ्यायची होती. ऑनलाइन सातबारा काढला, विकणाऱ्याचं नाव दिसलं. शहरातल्या वकिलांनी कागद पाहून हरकत नाही म्हटलं आणि मामूंनी दोन लाख बयाना देऊन टाकला. खरेदीखताच्या आधी सहज म्हणून तालुका कोर्टातल्या एका वकिलांना कागद दाखवले. त्यांनी विचारलं, "खासरा पत्रक पाहिलं? मुंतखब?" आम्ही गप्प. मुंतखबची नक्कल निघाली ती उर्दूत. वकीलसाहेबांना उर्दू वाचता येईना, मग आम्हीच वाचून दाखवली. जमीन मशिदीच्या खिदमतीसाठी दिलेली इनाम होती. खिदमतमाश, म्हणजे वक्फ. ती विकण्याचा त्या माणसाला हक्कच नव्हता. बाकीची रक्कम वाचली. बयाना मात्र अजून परत आलेला नाही.

शहरातल्या वकिलांनी फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुनं महसुली दफ्तर उर्दूत आहे. कुळकायदासुद्धा वेगळा, पुणे-साताऱ्याकडे 1948 चा आणि इकडे हैदराबादचा 1950 चा. जमिनीवर संरक्षित कूळ होतं का, 1954-55 च्या खासरा पत्रकात कोणाचं नाव आहे, हे इथला वकील आधी बघतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असंही नाही. ती नोंद मुळात शेतसाऱ्यासाठी असते, हे आपण विसरतो. आणि पुढे भांडण झालंच तर दावा जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात चालतो. प्रत्येक तारखेला पुण्याहून वकील न्यायचा तर खर्चाचा हिशेब करून बघा.

वकील दिवाणी दावे चालवणारा हवा, आणि एजंटने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला तर अजिबात नको. किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट लेखी, सहीनिशी घ्या. फी आधी ठरवा, पावती मागा. मागायला लाजायचं काय त्यात?

वाटणीच्या वेळी आणखी एक गोष्ट होते. भाईजानचा वकीलच बहिणींचेही कागद करतो आणि हक्कसोडपत्रावर बाजी न वाचता सही करते. शरियतने दिलेला हिस्सा असा एका सहीत जातो. बहिणींचा वकील वेगळा असावा. पैशांची अडचण असेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.