‘वारं गेलं’ म्हणजे नेमके काय झाले?

आमच्या गावाकडे पक्षाघात झाला असे कोणी म्हणत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. कोठे ‘लकवा मारला’ म्हणतात, तर पुस्तकात ‘अर्धांगवायू’ असतो. पक्ष म्हणजे बाजू, अर्धांग म्हणजे अर्धे अंग. दुखणे मेंदूचे, पण मेंदूचे नाव यांतल्या एकाही शब्दात नाही. मी डॉक्टर नाही. शब्दांच्या मागे जाण्याची सवय असलेला माणूस आहे. पण आजारी माणसाला कोठे न्यायचे हे शब्दच ठरवतात, ते मी घरात पाहिले.

सहा वर्षांपूर्वी एका पहाटे माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. घरच्यांनी तेल कोमट केले आणि त्याला शेजारगावच्या मालिशवाल्याकडे नेले. दवाखाना गाठेपर्यंत दुपार टळली होती.

तो मालिशवाला लबाड नव्हता. त्याच्या हाताने बरी झालेली माणसे पंचक्रोशीत खरोखरच होती. याचे कारण समजून घ्यायला हवे. चेहऱ्याची नस सुजून तोंड एका बाजूला वाकडे होण्याचा एक वेगळा विकार आहे. डॉक्टर त्याला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. त्यात हातपाय शाबूत असतात, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारतात. आपण त्यालाही ‘वारं’च म्हणतो. शिवाय खऱ्या पक्षाघातातही पहिल्या काही महिन्यांत मेंदू थोडीफार भरपाई करतोच. या दोन्ही सुधारणांचे श्रेय तेलाला, कबुतराच्या रक्ताला किंवा गंडादोऱ्याला जाते. एका शब्दाखाली दोन आजार नांदतात आणि एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याचा उपचार चालतो.

मेंदूत घडते ते असे. रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते. गुठळीचे प्रमाण बरेच जास्त. गुठळी विरघळवण्याचे औषध लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जितके लवकर, तितका फायदा अधिक. पण वाहिनी फुटली असेल तर तेच औषध घातक. बाहेरून पाहून हा फरक कळत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. म्हणून जवळचा दवाखाना नव्हे, तर स्कॅनची आणि या औषधाची सोय असलेला दवाखाना गाठायचा. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, यांतले एकही अचानक दिसले तर घड्याळ पाहावे आणि १०८ला फोन करावा.

पण याचे शिक्षण इथेच थांबते, आणि घरच्यांची परीक्षा इथून सुरू होते. आम्हाला घरी सोडताना इंग्रजीत लिहिलेला एक कागद मिळाला. लुळा हात धरून माणसाला ओढून उठवू नये, त्याने खांदा निखळतो. झोपवून पाणी पाजू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, हे वहिनींना कोणी सांगितले नाही. त्या हात धरूनच उठवत होत्या.

भावाला वाचाघातही होता. ‘पाणी’ म्हणता येत नसे. घरच्यांना वाटले, बुद्धी गेली. पाहुणे त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलू लागले. एका संध्याकाळी आरतीच्या वेळी तो सगळ्यांबरोबर कडवेच्या कडवे म्हणून गेला आणि वहिनी हातातले ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. हा चमत्कार नव्हता. पाठ असलेले, चालीत बांधलेले शब्द अनेकदा टिकून राहतात, कारण जुळवून बोलण्याची यंत्रणा त्यांना तितकीशी लागत नाही. पण त्या दिवसापासून त्याच्याशी सावकाश, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे बोलणे सुरू झाले.

मग घरच्यांना शिकवले की झाले का? हा प्रश्न भारतात नीट तपासला गेला आहे. ‘अटेंड’ नावाच्या अभ्यासात १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम व शुश्रूषा शिकवून घरी पाठवले. २०१७मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण एकतर दगावले होते किंवा परावलंबी होते. पुढे ‘स्प्रिंट इंडिया’ अभ्यासात चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना मोबाइल संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका दिल्या. गोळ्या घेण्याची शिस्त थोडी सुधारली, अधिक जणांनी दारू-तंबाखू सोडली; पण वर्षभरात पुन्हा झटका येण्यासारख्या घटना कमी झाल्या नाहीत.

शिक्षण व्यर्थ आहे, असा अर्थ मी यातून काढत नाही. फिजिओथेरपिस्टचे काम दमलेल्या सुनेवर किंवा बायकोवर सोपवून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही, असा काढतो. वहिनींना व्यायाम माहीत झाल्यावरही तो करवून घ्यायला वेळ नव्हता. शेत होते, गुरे होती. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते. भाऊ महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून पडे, आणि वहिनी ते स्वतःचेच अपयश समजत.

त्यांना उपयोग झाला तो दुसऱ्याच एका बाईचा. तिचा नवरा चार वर्षांपासून असाच होता. बाजारच्या दिवशी ती यायची, भावाला आधार कसा द्यायचा ते स्वतः करून दाखवायची आणि मग दोघी चहा घेत बसायच्या. ती तासभर थांबायची म्हणून वहिनींना बाजार करता यायचा. आधारगट म्हणतात तो याहून फार वेगळा नसतो. आशाताई, बचतगट, भजनी मंडळ हे सगळे गावात आहेच. महिन्यातून एक दिवस एखादा फिजिओथेरपिस्ट तिथे आला, तर सुरुवात करायला तेवढे पुरे.

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. दिवाळीच्या आगेमागेच येतो. या दिवसांत आपण घरोघर फराळाला जातो. ज्या घरात असा माणूस आहे तिथे जरा जास्त वेळ बसावे, त्याच्याविषयी नव्हे तर त्याच्याशी बोलावे, आणि त्याचे करणाऱ्या बाईला विचारावे, ‘तासभर मी बसतो इथे, तुम्हाला कुठे जाऊन यायचंय का?’