दोन स्फोटांमधली वेळ

एक्स-रे स्फोट शोधायचा तर आधी सेकंदासेकंदाची मोजणी मांडून आलेख काढावा लागतो. अंजनगाव सुर्जीच्या आमच्या घरी मी हे काम जेवणं उरकल्यावर करते. मोजणी आपल्याच अॅस्ट्रोसॅटची. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या उपग्रहावर मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलेलं लॅक्सपीसी हे एक्स-रे मोजणारं उपकरण आहे, आणि त्याची मोजमापं इस्रोच्या संग्रहातून कुणालाही घेता येतात.

सध्या समोर आहे ४यू १६३६-५३६ ही जोडी. न्यूट्रॉन तारा आणि त्याचा हलका सोबती साधारण पावणेचार तासांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. सोबत्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर साचतो, तळाशी दाब आणि उष्णता वाढत जाते, आणि थर एकदम पेटतो. आलेखाची रेघ काही सेकंदांत उभी चढते, मग हळूहळू उतरते. या उतरणीवर मी रेंगाळते. जास्त ऊर्जेचे किरण आधी ओसरले आणि कमी ऊर्जेचे मागे राहिले, तर पृष्ठभाग निवतोय. मग हा पेटलेल्या थराचाच स्फोट. ‘रॅपिड बर्स्टर’ या दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याचे बहुतेक स्फोट असे निवत नाहीत, तिथे वायूच अडून अडून कोसळतो.

शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, “स्फोट तं सापडला ना, मंग आता काय पाहून रायली?”

“मधली वेळ, काका.”

खरी मेहनत तिथेच आहे. उपग्रहाची फेरी सुमारे ९८ मिनिटांची. तेवढ्यात पृथ्वी आड येते. दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यातली मोजणी टाकून द्यावी लागते. आलेखाला जागोजागी भोकं पडतात. सात तासांनी दुसरा स्फोट दिसला, म्हणून मध्ये काहीच झालं नाही असं लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. प्रत्येक अंतरापुढे त्यातली किती मिनिटं आपली नजर ताऱ्यावर होती, हे मी नोंदवते. ‘अनियमित’ म्हणायचं ते त्यानंतर.

हे सगळं वजा करूनही अनियमितपणा उरतोच. याच ताऱ्याचे लागोपाठ तीन स्फोट लॅक्सपीसीने टिपले आहेत; दुसऱ्या-तिसऱ्यात जेमतेम साडेपाच मिनिटं. एवढ्यात पुरेसं नवं इंधन साचत नाही. म्हणजे आधीच्या स्फोटात काही इंधन जळायचं राहिलं असणार, आणि ते इतक्या लवकर पुन्हा का पेटतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. असे जवळजवळचे स्फोट सापडले की मी दोन्हींची एकूण ऊर्जा ताडून पाहते. मागून आलेला बहुधा लहान भरतो.