ट्रॉली नवी घ्यावी की जुनी? अवजारं वाहणाऱ्या ट्रेलरविषयी थोडा विचार

आयोजकांनी विषय सांगितला तेव्हा आम्ही त्यांना विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला ट्रॉलीवर बोलायला कशाला बोलावता? ते म्हणाले, "सर, पाटे आणि बेअरिंग आमच्या पोरांना कळतात, हिशेब कळत नाही." हे खरं असेल तर आमचं काम सोपं आहे. पण हिशेबाच्या आधी लोखंडाबद्दलही बोलावं लागेल. ते ज्यांच्याकडून आम्ही शिकलो ते मेस्त्री समोरच बसलेले आहेत, चुकलं तर थांबवतील.

सांगोल्यात हा प्रश्न आज जितका निघतो तितका तीस वर्षांपूर्वी निघत नव्हता. तेव्हा कुळव, पाभर, औत बैलांच्या मागं चालत शेतावर जायचं. खिलार जनावरांचा आपला बाजार त्या शेतीचा होता. पुढं डाळिंब आलं. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, इथवर आपण पोचलो. मग खोडकिडीनं बागा गेल्या, कित्येकांनी मशीन लावून झाडं उपटली. या सगळ्यात अवजारं मात्र वाढतच गेली. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, मळणी यंत्र, बागेतला छोटा ट्रॅक्टर. एकाचं यंत्र चार गावांत भाड्यानं फिरतं. अजनाळ्याचं यंत्र महूदला आणि महूदचं मंगळवेढ्याला न्यायचं, म्हणजे वाहनावर घालणं आलं.

आता पहिली गोष्ट. माल वाहायची ट्रॉली आणि यंत्र वाहायची ट्रॉली एक नव्हे. ऊस, माती, शेणखत हा माल हौद्यात पसरतो, त्याचं वजन सगळीकडं सारखं पडतं. यंत्राचं वजन दोन-चार ठिकाणीच टेकतं. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घ्या. तो साधारण २ टनांच्या पुढं भरतो आणि त्यातला मोठा भाग मागच्या दोन चाकांवर असतो. ती चाकं जिथं टेकतात तिथं पत्र्याखाली आडवं चॅनेल नसेल तर पत्रा खचतो. म्हणून यंत्रासाठी घ्यायची तर तळ सपाट हवा, फळके काढता यायला हवेत, तळाची उंची कमी हवी, चढवायला मजबूत फळ्या हव्यात आणि चारी कोपऱ्यांना साखळी अडकवायच्या कड्या हव्यात. दोरखंडानं बांधलेलं मळणी यंत्र वळणावर कसं डोलतं ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. आरसी बुकावर दोन आकडे असतात, रिकाम्या ट्रॉलीचं वजन आणि भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन. आपल्याला घालता येतं ते या दोन्हींतला फरक. "पाच टनांची ट्रॉली" असं विकणारा म्हणतो, तेव्हा ते पाच टन कोणते हे विचारायचं. एकूण पाच असेल आणि ट्रॉलीच दीड-पावणेदोन टनांची असेल, तर हातात सव्वातीनच उरतात. त्यात एक ट्रॅक्टर आणि त्याचा रोटाव्हेटर बसतो. जेसीबीसारखं साडेसात टनांच्या घरातलं यंत्र त्यात बसत नाही, आणि दोन ट्रॉल्या जोडल्या तरी बसत नाही. त्याला ट्रकचा लो-बेडच लागतो.

दोनचाकी की चारचाकी? दोनचाकी ट्रॉलीचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं. ते थोडं आलंच पाहिजे, त्यानं मागची चाकं जमीन धरतात. पण यंत्र फार पुढं उभं केलं तर ट्रॅक्टर पुढून उचलतो. फार मागं उभं केलं तर हुक वर ओढला जातो आणि चाकं घसरतात. म्हणून चाकांच्या किंचित पुढं भार घ्यायचा आणि त्या जागी तळावर रंगाची खूण करून ठेवायची. म्हणजे रोजचा गडी नसला तरी चूक होत नाही. चारचाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते, भार जास्त घेते. पण पुढच्या टर्नटेबलमुळं ती रिव्हर्स घेणं अवघड. बांधाबांधानं, बोळातून जायचं असेल तर दोनचाकी बरी. मिरज–सोलापूर हमरस्त्यानं लांब जायचं असेल तर आमचं मत चारचाकीला.

आणि ब्रेक. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात, आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना काहीच नसतं. म्हणजे दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरनं मागचे पाच टनही थांबवायचे. वेग २० वरून ३० झाला तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. भिवघाटात उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा. तिथं ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि आडवी येते.

आता मूळ प्रश्न, नवी की जुनी. इथं आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट कामी येते. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याची राजधानी सागल. नाव सांगोल्यासारखं वाटतं, संबंध काही नाही. (हशा) तर भिक्खू नागसेन त्याला विचारतात, महाराज, तुम्ही कशातून आलात? रथातून. मग रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग यांपैकी काहीच रथ नसेल तर रथ आहे कुठं? पाली ग्रंथात हा संवाद माणसाच्या 'मी'पणाविषयी आहे. आम्ही तो वर्गात शिकवत असू, तेव्हा मागच्या बाकावरचा कोणीतरी शेतकऱ्याचा मुलगा हटकून जुन्या ट्रॅक्टरचं उदाहरण द्यायचा.

जुन्या ट्रॉलीचं अगदी हेच आहे. टायर बदललेले, पाटे बदललेले, हौदा नवा ठोकलेला, ॲक्सल दुसऱ्याच ट्रॉलीचा. मग "२०१२ ची ट्रॉली" म्हणजे त्यातलं काय २०१२ चं? कायद्याचं उत्तर नागसेनांपेक्षा सरळ आहे, चेसिस नंबर. सांगाड्यावर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. नंबराभोवती ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील किंवा नंबराची पट्टी वेल्डिंगनं डकवलेली असेल तर तिथूनच परत फिरायचं, भाव कितीही कमी असो. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर लागतो, आणि विम्यातही ते वेगळं दाखवावं लागतं. गावातल्या वर्कशॉपमध्ये बांधलेली ट्रॉली मजबूत असू शकते. पण मान्यता नसलेल्या ठिकाणी बांधली असेल तर तिचं पासिंग होत नाही, आणि अपघात झाला की मग सगळे कागद बाहेर निघतात.

कागदांचं एवढ्यावरच उरकतो. बोजा असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. "नाव नंतर लावू" हे दोघांनाही महागात पडतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक धरला जाईल, गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून विकणाऱ्यालाही नाव बदलायची घाई हवी.

आता लोखंड. इथं थोडं थांबू, कारण माणसं नेमकी इथंच मरतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पुष्कळ माणसं गेली. पुढं व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं आसांवर प्रयोग केले. एका झटक्यात जे वजन लोखंड सहज पेलतं, तेच वजन लाखो वेळा आलं-गेलं तर लोखंड मोडतं, असं त्याला आढळलं. याला धातूचा थकवा म्हणतात. थकलेला ॲक्सल वाकत नाही, कुरकुरत नाही. आत बारीक चीर वाढत जाते आणि एके दिवशी तो तुटतो. आता विचार करा, आपल्या जिल्ह्यात जुनी ट्रॉली बहुधा कुठून येते? उसातून. जोड ट्रॉल्यांवर वीस टनांच्या वर ऊस, खड्ड्यांचा रस्ता, वर्षातले पाच-सहा महिने, रात्रंदिवस. हंगाम संपल्यावर ती विकायला येते तेव्हा नवा रंग मारून येते. आमच्या न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतात. ताजा रंग दिसला की गंजाचं अनुमान करायला हरकत नाही.

पण अनुमानावर थांबू नये, प्रत्यक्ष बघावं. चीर शोधायची रेल्वेच्या कारखान्यांतली जुनी युक्ती अशी. ॲक्सल आणि हुकाची कडी घासून स्वच्छ करायची, रॉकेल किंवा पातळ तेल लावून अर्धा तास ठेवायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसून वर खडू घासायचा. चीर असेल तर आत शिरलेलं तेल खडूवर रेघ होऊन उमटतं. खर्च दहा रुपये. विकणारा "कशाला एवढं" म्हणाला तर त्याच्यासमोरच करायचं.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. ठकठक लागली तर बेअरिंग गेलं. फिरवून कान द्या. रिकामी ट्रॉली आठ-दहा किलोमीटर पळवून हबला हात लावा, एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर विचारा का. हुकाच्या पिनीपासून दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्यापर्यंत टेप लावा. फरक आला तर ॲक्सल तिरका आहे, टायर एका अंगानं झिजणार. सांगाड्याचे दोन्ही कर्णही मोजा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी टायर जुना असू शकतो, रिमोल्ड असू शकतो. डंपिंगचा जॅक असेल तर भरलेला हौदा वर करून पंधरा मिनिटं थांबा, खाली बसतोय का बघा. त्या वेळी हौद्याखाली मात्र कोणी जायचं नाही.

आणि शब्द, म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. नैयायिक शब्दालाही प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा असेल तर. ज्याला गोष्ट माहीत आहे आणि ती खरी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. एजंटाला माहीत असतं. इच्छेचं मात्र सांगता येत नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या, उसात कधीही न गेलेल्या, शेणखत आणि कडबा वाहिलेल्या ट्रॉलीला आम्ही थोडे जास्त पैसे देऊ.

हिशेब बघा. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा नवी ३ लाखांना. २ लाख कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं, व्याज साधारण ६७ हजार. आठ वर्षांनी ती १ लाख २० हजारांना गेली. म्हणजे घट १ लाख ८० हजार, अधिक व्याज, वर्षाला जवळजवळ ३१ हजार. जुनी रोखीनं दीड लाखाला, टायर-बेअरिंगला ६० हजार, आठ वर्षांनी ६० हजारांना गेली आणि दरसाल दुरुस्ती ८ हजार. वर्षाला पावणेसत्तावीस हजार. फरक चार हजारांचा! लोकांना वाटतं निम्मा असेल.

आता दिवसांनी भागा. वर्षाला २० दिवस लागत असेल तर नवी दिवसाला दीड हजाराच्या वर पडते, जुनी साडेतेराशेच्या आसपास. १५० दिवस लागत असेल तर दोनशे आणि पावणेदोनशे. नवी-जुनीचा फरक किरकोळ आहे, दिवसांचा फरक साडेसातपट आहे. वीस दिवसवाल्यानं भाड्यानं घ्यावी, किंवा चौघांनी मिळून एक घ्यावी आणि कोणाच्या नावावर, दुरुस्ती कोणाकडं, हे आधीच लिहून ठेवावं. दीडशे दिवसवाल्यानं, तेही हमरस्त्यावर आणि रात्री जाणार असेल तर, नवी घ्यावी असं आम्ही स्पष्ट म्हणू. त्याचा एक दिवस बंद पडला तर वर्षाची बचत तिथंच जाते. मधल्यांनी, ज्यांचं फिरणं पाच-दहा किलोमीटरच्या आतलं आहे, त्यांनी वर सांगितलं तसं तपासून जुनी घ्यायला काहीच हरकत नाही. पण दुष्काळी तालुक्यात जुनी ट्रॉली घेऊन हातात राहिलेले पैसे ट्रॉलीसाठीच बाजूला ठेवावेत. ते लग्नात खर्च झाले की टायर तसेच फिरत राहतात.

मागून एकानं विचारलं आहे, जुनी कधी घ्यावी? उसाचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. तेव्हा विकणारे जास्त असतात आणि घेणारे कमी. दिवाळीच्या तोंडावर उलटं होतं. दुसरा प्रश्न दिव्यांचा आहे. नवी असो वा जुनी, मागचे दिवे, वायरिंग आणि लाल रिफ्लेक्टर घरी न्यायच्या आधीच बसवून घ्या. रिफ्लेक्टर हौद्याला लावू नका, वाहिलेल्या यंत्राखाली झाकला जातो. सांगाड्याच्या दोन्ही टोकांना लावा आणि चिखल झाला की पुसा.