कोमल गंधार, सेलो आणि पियानो

नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. तेव्हापासून महाल, धंतोली, सीताबर्डीतल्या घरांत पहाटे रेडिओचं बटण फिरवलं की निवेदकाच्या आधी एक धून कानी पडायची. खाली तानपुरा, वर व्हायोलिन आणि शिवरंजनीचे सूर. १९३६ पासून साऱ्या देशाची सकाळ जिने उजाडली ती ही धून बांधल्याचं श्रेय वॉल्टर कॉफमन या संगीतकाराला दिलं जातं. त्याबद्दल वेगळी मतंही आहेत. कॉफमन यांनी मुंबईत आणखी एक मोठं काम केलं आणि त्याबद्दल मात्र वाद नाही. व्हायोलिन, सेलो आणि पियानो या वाद्यांभोवती त्यांनी एक संस्था उभी केली. तिचं नाव बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी. आपल्याकडे संगीताच्या इतिहासात तिला ओझरत्या उल्लेखापलीकडे जागा मिळत नाही. ती मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कॉफमन यांचा जन्म १९०७ चा, बोहेमियातल्या कार्ल्सबाड गावातला. घर जर्मनभाषक ज्यूंचं. बर्लिनमध्ये ते फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकले आणि प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचा अभ्यास केला. प्रबंध तयार होता. पण आपले प्राध्यापक नाझी युवक संघटनेचं काम करतात हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेट नाकारली. त्यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची. १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. निघण्याआधी त्यांनी भारतीय संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या आणि त्यांना त्यातलं काहीच उमगलं नव्हतं. पण एवढ्या माणसांना जे संगीत प्रिय आहे ते आपल्याला कळत नसेल, तर उणेपणा आपल्यात आहे, असा त्यांनी विचार केला. त्या काळातल्या युरोपीय माणसाने असं म्हणणं ही मोठी गोष्ट होती. पुढे उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानी रागांवर त्यांनी दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. त्यांचं मूळ या विचारात आहे.

मुंबईत आल्या वर्षीच सोसायटी सुरू झाली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफल भरायची. त्या वेळचं एक छायाचित्र आजही पाहायला मिळतं. पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि सेलोवर एडिजिओ वेर्गा. म्हणजे प्रागकडून आलेला एक ज्यू, मुंबईचा एक पारशी आणि एक इटालियन. मेहलींचा मुलगा झुबीन त्यानंतर १९३६ मध्ये जन्मला, आणि पुढे जगातल्या मोठ्या वाद्यवृंदांचा संचालक झाला. चेंबर संगीत म्हणजे दोन, तीन, चार वादकांचं, खोलीत बसून ऐकायचं संगीत. त्यात संचालक नसतो, वाद्यवृंदाचा गजर नसतो. कोण कुठे श्वास घेतो हे समोरच्याला दिसतं. बैठकीच्या गाण्यावर वाढलेल्या नागपूरकराला युरोपच्या साऱ्या संगीतप्रकारांत हाच सर्वांत लवकर आपलासा वाटेल, याबद्दल मला खात्री आहे.

या घरगुती संगीतातली सर्वांत बोलकी जोडी सेलो आणि पियानोची. सेलो हे व्हायोलिनच्याच कुळातलं, पण खूप मोठं वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो, त्याची खालची अणी जमिनीला टेकते. तारा चार. आपल्या हिशेबाने सांगायचं तर सर्वांत जाड तार खालच्या सप्तकातल्या पांढरी एकला, मग पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा. प्रत्येक तार मागच्या तारेचा पंचम. गज फिरवला की खर्जातून जो सूर निघतो तो पुरुषाच्या गळ्याच्या इतका जवळ असतो की ऐकणारा नकळत शब्द शोधू लागतो. सेलोला पडदे नाहीत. बोट तारेवर कुठेही थांबू शकतं, सरकू शकतं. सारंगियाला जी मींड सहज येते ती सेलोवादकालाही येते.

पियानोचं तसं नाही. त्याच्या ८८ पट्ट्यांत एकेका सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले आहेत आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीही नाही. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर पियानोचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या षड्जातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग वर असतो. षड्जाशी ६:५ या प्रमाणात जुळणारा कोमल गंधार घेतला, तर पियानोची पट्टी त्याच्या सुमारे १६ भाग खाली राहते. शिवरंजनीचा जीव त्या कोमल गंधारात आहे. आकाशवाणीची धून पियानोवर वाजवून पाहिली तर ती ओळखू येते, पण काळजाला हात घालत नाही. सूर नक्की का चुकला हे न सांगता येणाऱ्या श्रोत्यालाही हा फरक जाणवतो.

म्हणजे सेलो-पियानोच्या जोडीत एक वाद्य सुरावर घसरू शकतं आणि दुसरं नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं, हीच या जोडीची कसोटी. दोन महायुद्धांमधल्या युरोपात ही जोडी संगीतकारांना वारंवार जवळची वाटली. कुर्ट वाइल यांनी विशी गाठता गाठता सेलो आणि पियानोचा सोनाटा लिहिला. त्यानंतर ते बर्लिनच्या रंगभूमीकडे वळले आणि १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. शोस्ताकोविच यांचा सोनाटा १९३४ चा, म्हणजे कॉफमन मुंबईत उतरले त्याच सालचा. चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनू यांनी आपला पहिला सेलो सोनाटा मे १९३९ मध्ये पॅरिसमध्ये लिहिला. त्याआधी दोनच महिने हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या होत्या. मे १९४० मध्ये पॅरिसमध्येच त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि पुढच्या महिन्यात पॅरिसही पडलं. मोठे वाद्यवृंद राजाश्रयावर आणि सरकारी अनुदानावर चालतात. देश सोडून निघालेल्या माणसाला दोन वाद्यांचं संगीत बरोबर नेता येतं. मुंबईच्या सोसायटीची मुळं याच उलथापालथीत होती. पुढे बर्लिनच्या एका नामवंत साहित्यपत्राचे संपादक विली हास हेही कॉफमन यांच्या मदतीने मुंबईत पोचले आणि मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी पटकथा लिहू लागले.

कॉफमन १९३७ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. त्याच वर्षी दिल्ली केंद्रावर त्याच हुद्द्यावर आलेला माणूस स्वतः सेलोवादक होता. जॉन फाउल्ड्स, जन्म १८८०, मँचेस्टर. विशीत ते तिथल्या हॅले वाद्यवृंदात सेलो वाजवायचे. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यांनी लिहिलेला ‘वर्ल्ड रिक्विएम’ १९२३ ते १९२६ अशी चार वर्षं लंडनमध्ये युद्धविरामाच्या रात्री गायला गेला. त्यांची पत्नी मॉड मॅकार्थी ही आयरिश व्हायोलिनवादक. ती अॅनी बेझंट यांच्याबरोबर भारतात येऊन इथलं संगीत शिकून गेली होती. तिच्याकडून फाउल्ड्सना कर्नाटक संगीतातले ७२ मेळकर्ते कळले आणि त्यांवर त्यांनी पियानोच्या रचना केल्या.

पण त्यांची भारताशी सर्वांत खोल नातं सांगणारी रचना मला वेगळीच वाटते. सेलो आणि पियानोसाठी त्यांनी १९०५ मध्ये एक सोनाटा लिहिला आणि १९२७ मध्ये तो सुधारून घेतला. त्यात सेलो काही ठिकाणी पाव स्वर वाजवतो, म्हणजे पियानोच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधला सूर. पाव स्वर आणि आपल्या श्रुती एकच नव्हेत, हे इथे सांगायलाच हवं. पाव स्वर सप्तकाचे चोवीस समान भाग करतो. श्रुती समान नसतात आणि रागानुसार त्यांची जागा हलते. तरीही ज्या कानाने पट्टीच्या पलीकडचा सूर शोधला तो कान आपल्या संगीताच्या दाराशी आपोआप पोचलेला होता.

या कानाचा मराठी माणसाशी थेट संबंध आला तो पेटीच्या बाबतीत. १९३८ मध्ये फाउल्ड्सनी आकाशवाणीच्या ‘इंडियन लिसनर’ या नियतकालिकात हार्मोनियमवर कडाडून टीका करणारा लेख लिहिला. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यात मींड नाही, तिच्या साथीने गायकाचा कान बिघडतो, हा आक्षेप त्यांनी पुढे रेटला. रवींद्रनाथांनाही पेटी नकोशी होती. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती थोडी सैल होईपर्यंत तीस वर्षं महाराष्ट्राचं लाडकं वाद्य रेडिओच्या दाराबाहेर राहिलं. फाउल्ड्स ती बंदी पाहायला नव्हते. १९३९ मध्ये ते कलकत्ता केंद्रावर गेले आणि थोड्याच दिवसांत, २५ एप्रिलला, कॉलऱ्याने वारले.

फाउल्ड्सचा कान बरोबर होता आणि बंदी चूक होती, असं माझं मत आहे. सुरांच्या या अडचणीवर महाराष्ट्र त्यांच्या कितीतरी आधीपासून विचार करत होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांना मोजमापासाठी मिळाला आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या न्यायाधीशाच्या साहाय्याने लंडनच्या कारखान्यात श्रुतीपेटी तयार करून घेण्यात आली. दुसऱ्या बाजूला गोविंदराव टेंबे यांनी साध्या पेटीतूनच गळ्याचा भास निर्माण केला. संगीत नाटकांच्या श्रोत्यांना पेटीने बेसूर केलं नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांचा गळा पेटीच्या साथीनेच अवघड जागा घेत राहिला. त्याच विद्यालयातून गेलेल्या सी. रामचंद्रांनी मुंबईत गोव्याच्या वादकांना बरोबर घेऊन पाश्चात्त्य वाद्यं मराठी माणसाच्या कानात कायमची रुजवली.

ठरलेल्या सुरांचं वाद्य आणि सरकणाऱ्या सुरांचं वाद्य एकत्र वाजू शकतात, याचा पुरावा फाउल्ड्सनी स्वतःच लिहून ठेवला होता. त्यांच्या सोनाटात पियानो हाकलून दिलेला नाही. सेलो त्याच्या दोन पट्ट्यांच्या मधून जातो आणि पियानो त्याला वाट देतो. पेटीच्या वादात हे उदाहरण कुणी पुढे केलं असतं तर बरं झालं असतं.

कॉफमन १९४६ मध्ये मुंबई सोडून गेले. लंडनमार्गे कॅनडात, विनिपेगच्या सिंफनीचे पहिले संगीत संचालक म्हणून, आणि शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात. तिथेच १९८४ मध्ये ते वारले. त्यांच्या चेंबर रचना कित्येक दशकं कपाटात पडून होत्या. टोरांटोच्या एआरसी ऑन्सॉम्ब्ल या वादकसंचाने २०२० मध्ये त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण काढलं. ते जरूर ऐका. व्हायोलिन आणि पियानोच्या रचनांत रागाची वळणं आणि प्रागची लय अशी शेजारी बसली आहेत की एकीला दुसरीपासून सोडवता येत नाही.

आता नागपूरकडे एक मागणं. वसंतराव देशपांडे सभागृहात, चिटणवीस सेंटरमध्ये किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या खोलीत एक संध्याकाळ या संगीताला द्यावी. पहिल्या भागात फाउल्ड्सचा सोनाटा, दुसऱ्या भागात शिवरंजनी: सेलोवर आलाप आणि साथीला पेटी. एवढ्या बैठकीला तीन वादक, एक पियानो आणि एक पेटी पुरतात. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने ती प्रसारित करावी, कारण या कथेतले दोघेही आकाशवाणीचे नोकर होते. फाउल्ड्सच्या रचनांवरचे स्वामित्वहक्क आपल्याकडे केव्हाच संपले आहेत, सोनाटाची ध्वनिमुद्रणंही उपलब्ध आहेत. सुधारित सोनाटाला २०२७ मध्ये शंभर वर्षं होतात. तयारीला लागायचं तर आत्ताच लागावं.