जुन्या फिल्मचे वळण आणि नव्या छायाचित्राचे इमान

आमच्या कामगार संघटनेने मध्यंतरी जुन्या छायाचित्रांचे एक लहानसे प्रदर्शन भरविले होते. कार्यालयातील एका होतकरू मुलाने त्यात अवघ्या तीन महिन्यांपूर्वीच्या मोर्चाचे छायाचित्र लावले. ते कृष्णधवल होते, त्यावर रवा उठला होता, कडाही काळवंडल्या होत्या. एक वृद्ध गिरणी कामगार त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातील ते चित्र असावे, असे समजून ते त्यात आपला गेलेला सोबती शोधीत होते. आम्ही खरे काय ते सांगितले. ते काही बोलले नाहीत; चष्मा पुसून पुढे गेले. तेव्हापासून ही ‘प्रीसेट’ नावाची वस्तू नीट समजून घ्यावयाची, असे आम्ही मनावर घेतले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि विचारून विचारून पुष्कळ झालेले. तेव्हा समजले तसे सांगतो.

घरी मसाला एकदा कुटून डब्यात भरून ठेवतात आणि रोज चमचाभर घालतात. प्रीसेट तसाच. डिजिटल छायाचित्रातील उजेड, रंग, रवा यांत करावयाचे फेरफार एकदा ठरवून साठवून ठेवावयाचे आणि मग कोणत्याही चित्रावर एका बोटाने लावावयाचे.

पण फिल्मचे म्हणून जे वळण, ते आले कोठून? फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. उजेड लागलेल्या स्फटिकांची धुलाईत चांदी बनते. कृष्णधवल चित्रातला रवा तो हाच. दुसरे असे की, फार उजळ आणि फार काळोख्या भागांत फिल्मचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो. डिजिटल संवेदक उजेड सरळ प्रमाणात मोजतो आणि भांडे भरले की पुढचे सांडून जाते. तिसरे, प्रत्येक रंगीत फिल्मचे रंग निराळे. १९३५ साली आलेल्या कोडॅक्रोमचे एक, तर १९९० साली आलेल्या भडक हिरव्या-निळ्या वेल्व्हियाचे दुसरे. प्रीसेट या तिन्हींची नक्कल करतो: उजेडाची रेषा वाकवितो, एकेक रंग सरकवितो आणि वर कृत्रिम रवा पेरतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. चित्र शक्यतो ‘रॉ’ प्रकारात घ्यावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. ओढाताण सोसण्याचे बळ त्यात अधिक. पांढरे सदरे, आभाळ जळू देऊ नये. सांडलेला उजेड कोणताही प्रीसेट परत आणीत नाही. आधी पांढऱ्याचा तोल सुधारावा, मग प्रीसेट लावावा आणि त्याचा जोर निम्म्यावर आणून पाहावे.

शेवटी चेहरे तपासावेत. परदेशी छपाईशाळांत रंग जुळविण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ नावाचे, एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेले कार्ड वर्षानुवर्षे प्रमाण मानले जाई. त्या काळच्या रंगांची नक्कल करताना उन्हात रापलेला आपला माणूस राखाडी किंवा तांबडा दिसू लागला, तर चूक त्याच्या कातडीची नव्हे. प्रीसेट बदलावा.

आणखी एक गोष्ट आम्हांला विसरता येत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पार्सन्स गावी एका प्रयोगशाळेने कोडॅक्रोमची शेवटची रिळे ३० डिसेंबर २०१० पर्यंत स्वीकारली. त्यानंतर ती धुणारे कोणी उरले नाही. आपल्या उटकमंडला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची ‘इंदू’ फिल्म आपल्याकडे वापरात होती. तोही बंद पडला. आज एका बोटाने मिळणारे वळण अंधाऱ्या खोल्यांत फिल्मवर लेप चढविणाऱ्या माणसांच्या श्रमांतून घडलेले आहे.

तेव्हा प्रीसेट जरूर वापरावा. त्यात पाप नाही. मात्र चित्राखाली खरी तारीख लिहावी. आमच्या त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी ती लिहिली, आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी जाऊन त्यांच्या सोबत्याचे खरे छायाचित्र कोठे मिळते का, हे विचारून आला. ते मिळाले आहे. पोस्टकार्डाएवढे आहे, एका बाजूने फाटले आहे. त्याला आम्ही कोणताही प्रीसेट लावलेला नाही.