निजामशहाचा फिरंगी हकीम

खाद्यपदार्थ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातात ते सौदागरांच्या गलबतांतून, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु इस्लामी आणि ख्रिस्ती पाकपरंपरांची अहमदनगरच्या दरबारात जी गाठ पडली, तिचा वृत्तान्त पाहता मुदपाकखान्याच्या दाराशी प्रथम उभा दिसतो तो वैद्य. बुऱ्हाण निजामशहाने १५२१ साली पोर्तुगीजांना चौलास कोट बांधू दिला, आणि पुढे गोव्याचा गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्याच्या दरबारी जाऊ-येऊ लागला. पातशहाने त्याला रोगांची व औषधींची अरबी नावे सांगावीत, त्याने पातशहास लॅटिन नावे शिकवावीत, असा दोघांचा व्यवहार होता. आणि इब्न सिना या हकिमाच्या वैद्यकपरंपरेत आहार हा चिकित्सेचाच भाग असल्यामुळे या संभाषणाची वाट चुलीपर्यंत जाणे अपरिहार्यच होते.

ओर्ताचा संवादरूप ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. जगातील सर्वांत ओंगळ वास हिंगाचा, असे त्यात तो बेधडक सांगतो, आणि हिंग घातलेल्या भाजीला मात्र घाण येत नाही, हेही तितक्याच प्रांजळपणे कबूल करतो. लोक आधी भांड्यालाच हिंग चोळतात, हे त्याच्या नजरेतून सुटलेले नाही. खुरासानाकडून होर्मुझमार्गे येणारा हा जिन्नस म्हणजे फेरुला वनस्पतीच्या मुळाला छेद दिला असता पाझरणारा चीक. त्याचा उग्र दर्प गंधकयुक्त, बाष्पनशील संयुगांचा. कढत तेलात त्यांतील काही उडून जातात, काहींचे रूपांतर होते, आणि मागे उरतो तो कांदा-लसणाच्या जातीचा खमंग स्वाद. फोडणीत हिंग पडताच घरभर जो घमघमाट सुटतो, तो या घडामोडीचाच.

आंब्याच्या प्रकरणात तर साखरेत मुरवलेल्या, सिरक्यात घातलेल्या, तेल-मिठात टाकलेल्या, आणि ओले आले व लसूण भरलेल्या आंब्यांची यादीच आहे. मीठ व साखर जंतूंच्या पेशींतील पाणी शोषून घेतात, सिरक्यातील आम्ल त्यांची वाढ रोखते, तेल हवा अडवते. ही मीमांसा ओर्ताला ठाऊक असणे शक्य नव्हते, पण बरणीतले त्याने नीट पाहिले होते.

यहुदी वंशाच्या या वैद्याची हाडे १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, थडग्यातून उकरून जाळली. ग्रंथाचा वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने केलेला लॅटिन संक्षेप मात्र १५६७ सालीच अँटवर्पला छापून झाला होता.